घामाची गाठ

२ मार्च २०२५, रविवार

कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहायचं नाही, असं प्राचार्यांनी आज फोन करून सांगितलं. "माया मॅडम, आपला विषय रसायनशास्त्र आहे, भांडण नाही." म्हणून ही वही. इथं तरी मला कुणी थांबवणार नाही.

कारण आहे उत्तरेश्वरचा व्हिडिओ. माझाच विद्यार्थी. बारावीला रसायनशास्त्रात शंभरपैकी ब्याण्णव मार्क घेतलेला. केजला बसस्थानकासमोर त्यानं 'निसर्गधन' नावाचं दुकान टाकलंय. व्हिडिओत काखेत लावायचा रोल-ऑन दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखा धरून तो सांगतो, की यातला ॲल्युमिनियम आत जातो, छातीत साठतो आणि बायकांना कॅन्सर होतो. घाम हा शरीराचा कचरा, तो कोंडला की त्याची गाठ होते. मग खिशातून एक पांढरा खडा काढतो. "शुद्ध स्फटिक. शंभर टक्के ॲल्युमिनियम-मुक्त."

तुरटी! न्हावी दाढी झाल्यावर गालावर फिरवतो ती. गढूळ पाण्यात फिरवतात ती. पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. अरे गाढवा, नावातच ॲल्युमिनियम आहे, आणि ते सूत्र मी तुला फळ्यावर लिहायला लावलं होतं.

ग्रुपवर मी आधी शांतपणेच लिहिलं. रोल-ऑनमधलं ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट घामात विरघळतं. घामाच्या नळीच्या तोंडाशी त्याचा जेलीसारखा बूच तयार होतो. काही दिवसांनी तो त्वचेबरोबर निघून जातो. घाम अंग गार ठेवायला असतो. कचरा काढायचं काम मूत्रपिंडांचं. मोजमापं झालीत: त्वचेतून आत जातो तो दहा हजारांत एखादा भाग, त्याहून जास्त रोजच्या जेवणातून येतो. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत त्यांनी डॉक्टरांना विचारून वापरावं, एवढं खरं. कॅन्सरशी नातं शोधायला इतके अभ्यास झाले, पटण्यासारखा पुरावा कुणाला सापडला नाही.

व्हिडिओला अंगठेच अंगठे. मला एक नमस्कार, तोही आमच्या शिपायाचा. तेव्हा मग मी अशांतपणे लिहिलं.

९ मार्च, रविवार

युसूफ वडगावला जाऊन आले. आई बरी आहे, नवनाथ शेतात होता. सुकन्याची सुट्टी होती.

सुकन्या ही माझ्या धाकट्या भावाची बायको. एसटीत वाहक आहे. या उन्हात खाकी घालून, खचाखच भरलेल्या गाडीत दिवसभर उभी राहते. दोन वर्षांपूर्वी एका बाईनं तिच्याकडून तिकीट घेताना पदर नाकाला लावला आणि शेजारणीला म्हणाली, "ह्यांच्यातल्यांचा वासच तसा असतो." सुकन्यानं घरी येऊन तीन वेळा अंघोळ केली. त्या बाईला काय बोलायचं ते मी मनातल्या मनात आजही बोलते. तेव्हा मी सुकन्याला पहिला रोल-ऑन आणून दिला, आणि संपला की नवा देत आले.

आज खिडकीत तो दिसला नाही. विचारलं तर म्हणाली, "संपला." म्हटलं पुढच्या वेळी आणते. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अक्का, आता सवय न्हाई ऱ्हायली."

म्हणजे तिनंही तो व्हिडिओ पाहिलाय! माझ्या स्वतःच्या घरात! भांडी घासता घासता विचारत होती, "ते आतल्या आत साठत असंल का?" नाही. "सोडल्यावर उतरतं का?" अगं, जे साठतच नाही ते उतरणार कुठून? तिच्या शेजारी पाटावर बसून तिला सगळं सांगितलं, आकृती काढून. ती मान हलवत होती. मग म्हणाली, "अन् समजा एखादीला आदीच काही झालं असंल, तर?"

मी म्हणाले, "तर तिनं दवाखान्यात जावं. आणि त्या भामट्याच्या दुकानात जाणारी बाई असली तर ती अडाणी नाही, मूर्ख आहे."

ती ताटं पुसून लावत राहिली. निदान पटलं तरी म्हणायचं.

१७ मार्च, सोमवार

आज सरळ त्याच्या दुकानात गेले. पाय धरायला वाकला. मी पाय मागं घेतले.

"उत्तरेश्वर, हे काय आहे सांग. सूत्र सांग."

त्यानं खाली बघत सांगितलं. पाण्याच्या बारा रेणूंसकट बरोबर सांगितलं.

"मग हे ॲल्युमिनियम-मुक्त कसं?"

"मॅडम, ह्याचा कण मोठा असतो, आत शिरत न्हाई असं म्हणत्यात."

"कोण म्हणतं? पाण्यात विरघळल्यावर तुरटीचा काय मोठा कण राहतो? मी हेच शिकवलं तुला?"

तेवढ्यात पदर डोक्यावर घेतलेली एक बाई आत आली. मला बघून दारातच थबकली. हा उठला, तिला आतल्या खोलीत खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि दहा मिनिटं हळू आवाजात तिचं ऐकत राहिला. मी बाहेर उभी! ती जाताना तिच्या हातात एका लेपाची डबी.

"काय दिलंस तिला?"

"लेप हाय. हळद, लिंबू, तुरटी, अजून काही." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. बायका माझ्यापाशी बोलत्यात. तुमच्यापाशी नुसत्या ऐकत्यात."

बघा उद्धटपणा. ब्याण्णव मार्क पडलेल्या पोराचं हे होतं. आमच्या शिक्षणात नक्की कुठं माती खाल्ली जाते, कळत नाही.

६ एप्रिल, रविवार

आज जिंकले.

वडगावच्या विहारात बायकांना गोळा केलं. दोन काचेचे ग्लास. एकात त्याच्या 'शुद्ध स्फटिका'चं पाणी, दुसऱ्यात थोडा रोल-ऑन भरपूर पाण्यात ढवळून. दोन्हींत धुण्याच्या सोड्याचं पाणी थेंब थेंब टाकलं. दोन्हीकडं दह्यासारखा पांढरा साका धरला. "ओळखा पाहू, यातला विषारी कोणता?" कुणालाच ओळखता येईना. म्हटलं, दोन्हींत तोच ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आहे. तुमच्या घामाच्या नळीत बूच बसतो तो हाच. एकाला हा माणूस विष म्हणतो आणि दुसरं तुम्हाला विकतो. टाळ्या पडल्या. शिवकन्या नावाची अंगणवाडीची मदतनीस म्हणाली, "बाई गं, आमी तुरटीला स्फटिक म्हणून घेत बसलो."

मग मी छातीच्या गाठींचंही सांगितलं. बहुतेक गाठी काखेकडच्या वरच्या भागात निघतात म्हणून हे लोक रोल-ऑनकडं बोट दाखवतात. तिथं गाठी जास्त कारण स्तनाच्या ऊतीच तिथं जास्त असतात. सोपं आहे.

सुकन्या मागं भिंतीला टेकून बसली होती. सगळ्या गेल्यावर तिनं ग्लास धुतले. त्या पांढऱ्या साक्याकडं बराच वेळ बघत राहिली होती. "काय गं, पटलं का?" म्हटलं, तर म्हणाली, "तुमचं पटतंच की अक्का."

निघताना आई म्हणाली, "माया, तू लई बोलतीस. तिला बी बोलू दे जरा." आईला कौतुक करायचं माहीतच नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. वडगावलाच होते. पांढऱ्या साडीत सुकन्या छान दिसत होती, पण वाळलीय. मिरवणुकीत बायका हात उंचावून घोषणा देत होत्या. हिचा डावा हात खालीच. तिकिटाच्या बॅगेनं खांदा दुखतो म्हणाली. मी म्हटलं उजव्या खांद्यावर घे. म्हणाली, "कव्हाच घेतली."

उत्तरेश्वरच्या नव्या व्हिडिओत माझं नाव न घेता 'काही पगारी शिक्षक' असा उल्लेख आहे. औषध प्रशासनाला चार पानी तक्रार पाठवली. पुरावे जोडले.

१३ मे, मंगळवार

दुपारी आईचा फोन. आई फोनवर कधी हळू बोलत नाही, आज बोलली.

"माया, ये. सुकन्याला ताप हाय. काखंत भाजल्यावाणी झालंय, कसला तरी लेप लावत होती. अंग पुसाया म्हणून चोळी काढली तर... छातीला गाठ हाय गं. लिंबायवढी. काखंत बी लागतीय."

मी गेले. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. उशाला ती डबी होती. तीच डबी.

मी ओरडले. तापानं फणफणलेल्या बाईवर ओरडले. नवनाथनं मला हाताला धरून बाहेर नेलं. "अक्का, आता बास," म्हणाला. नवनाथ माझ्याशी असं कधी बोललेला नाही.

१५ मे, गुरुवार

अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. त्यांनी आधी गाठ पाहिली नाही. स्टूल पुढं ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "किती दिवसांपासून घाबरून आहात?"

आणि सुकन्या बोलायला लागली. सुकन्या, जी माझ्यासमोर हो-नाही पलीकडं बोलत नाही. गाठ फेब्रुवारीत हाताला लागली. गाडीत बॅगेचा पट्टा लावताना. दुखत नव्हती म्हणून सोडून दिली. मग व्हिडिओ पाहिला आणि खात्री पटली. रोल-ऑन फेकला. मार्चमध्ये त्या दुकानात गेली. त्यानं ऐकून घेतलं, आणि सांगितलं की ही घामाची गाठ आहे, लेप लावला की तीन महिन्यांत विरघळून बाहेर पडेल, दवाखान्यात गेलात की चिरफाड करतील.

डॉक्टरीणबाईंनी लेपानं भाजलेली कातडी हलक्या हातानं पुसली. "रोल-ऑननं गाठ होत नाही, ताई," एवढंच म्हणाल्या. एक वाक्य. सुकन्यानं लगेच मान्य केलं. मी पाटावर बसून आकृत्या काढल्या होत्या!

बाहेर बाकावर मी विचारलं, "मला कावून नाही सांगितलंस?"

ती पदराशी खेळत राहिली.

"बोल ना. दोन महिने मी तुझ्यासमोर त्याच गोष्टीवर बोलत होते."

"तुमीच दिलेला होता ना तो अक्का."

मला आधी समजलंच नाही.

"तुमी मायेनं आणून दिलेला. त्याच्यानंच झालं असं कळलं असतं, तर तुमाला जन्मभर लागलं असतं. म्हणलं गुपचूप बरं होतंय का बघावं." मग म्हणाली, "अन् तुमी म्हणल्या व्हत्या, तिथं जाणारी बाई मूर्ख. तवर मी गेलते न्हाई. पण जायचं ठरवलं व्हतं."

यावर लिहिणार नाही.

१९ मे, सोमवार

लातूरला मॅमोग्राफीला गेलो. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी: 'तपासणीच्या दिवशी काखेत डिओ, रोल-ऑन, पावडर लावू नये.'

सुकन्यानं ती वाचली. मग माझ्याकडं पाहिलं. "बघा," म्हणाली. फक्त तेवढंच.

माझ्या जिभेवर पूर्ण तास होता. मी गिळला. म्हटलं, "त्यातले धातूचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन उमटतात. गाठीतल्या ठिपक्यांसारखे. डॉक्टर फसू नयेत म्हणून."

"म्हंजी फोटू खराब होतो."

"हो."

"बाई न्हाई खराब होत."

"नाही."

ती हसली. फेब्रुवारीनंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, हे मला आज कळलं. यंत्रात शिरताना तिनं माझा हात धरला नाही, तिथल्या नर्सचा धरला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा राग आला.

२६ मे, सोमवार

गाठीतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सरच. काखेतल्या गाठीतही आहे, पुढं पसरलेला दिसत नाही. आधी केमो, मग ऑपरेशन. "उपचार आहेत, आणि ते चालतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन महिने आधी आला असतात तर कदाचित सोपं गेलं असतं. पण आता आलात, हे महत्त्वाचं."

स्टाफरूममध्ये बसून मी सगळे अभ्यास पुन्हा वाचले. सगळे, पहिल्या ओळीपासून. मीच तर वर्गात सांगते, की 'पुरावा नाही' म्हणजे 'अशक्य' नव्हे. मी तिला पहिला रोल-ऑन दिला, आणि संपला की नवा देत आले. आकडे तेच आहेत. दहा हजारांत एक भाग. रोल-ऑन वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या बायकांमध्ये फरक नाही. माझं म्हणणं मार्चमध्ये जेवढं बरोबर होतं तेवढंच आजही आहे. तरी पुन्हा पहिल्या ओळीवर आले. बरोबर असण्याचा इतका कमी उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

२८ मे, बुधवार

उत्तरेश्वरकडं गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत बोलले.

"सुकन्या. युसूफ वडगावची. एसटीतली. आठवते?"

त्याचा चेहरा उतरला. म्हणजे आठवत होती.

"कॅन्सर आहे. तू घामाची गाठ म्हणालास."

"मॅडम, मी काय डॉक्टर न्हाई—"

"मग दवाखान्यात जाऊ नका कुणाच्या अधिकारात म्हणालास? तुरटीला स्फटिक म्हणालास, ते मी एक वेळ सोडून देईन. लोकांनी खडा घेतला, काखेत फिरवला, मेलं नाही कुणी. पण तिच्या हातात जी वेळ होती ती तू घेतलीस, आणि तुला माहीत होतं. तुला सूत्र पाठ आहे!"

तो खुर्चीत बसला. डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याचीही चीड आली. "मला वाटलं व्हतं, भीतीच असंल नुसती. येणाऱ्या बहुतेकींना नुसती भीतीच असती. बोलून मोकळ्या होत्यात, बरं वाटतं." मग म्हणाला, "मॅडम, त्यांनी तुमाला कावून सांगितलं न्हाई?"

काउंटरवरची लेपाची बरणी मी जमिनीवर आपटली. लाज वाटते का? नाही वाटत. काच गोळा करायला तो वाकला तेव्हा त्याच्या बोटाला रक्त आलं, आणि त्यानं सवयीनं तुरटीचा खडा घेऊन त्यावर दाबला. रक्त थांबलं. त्यासाठीच असते ती.

२९ जून, रविवार

महिनाभर लिहिलं नाही. केमो सुरू झालीय. पहिल्या आठवड्यात नुसत्या उलट्या. आता केस जायला लागले. आईनं तिचं डोकं मांडीवर घेऊन स्वतः केस उतरवले. दोघी मध्येच हसत होत्या, कशावर ते मला सांगितलं नाही.

औषध प्रशासनाच्या माणसांनी दुकानाची पाहणी केली. ते म्हणाले, ज्या बाईला सल्ला दिला तिचा जबाब हवा. गाठ, कॅन्सर बरा करतो म्हणून सांगणं, तशी जाहिरात करणं गुन्हा आहे. पोलीस ठाण्यातही फिर्याद द्यावी लागेल. माझ्या चार पानांचा उपयोग नव्हता. मी गिऱ्हाईक नव्हते.

मी सुकन्याला म्हटलं, बरी झालीस की देऊ. ती म्हणाली, "बरी झाल्यावर कावून? आत्ताच देते. मला बघून लिहू द्या त्यांना."

३ जुलै, गुरुवार

नवनाथला घेऊन केजला ठाण्यात गेलो. सुकन्यानं खाकी घातली होती, डोक्याला आईचा पांढरा रुमाल. मी बसमध्येच मुद्दे काढून दिले होते: तारखा, रासायनिक नावं, कायद्याचं कलम. तिनं कागद घडी करून बॅगेत टाकला.

हवालदार म्हणाला, "दोघी या." ती म्हणाली, "अक्का, तुमी भाईर बसा. मी सांगते."

मी बाहेर बसले. खिडकी उघडी होती, आत सगळं ऐकू येत होतं. ती हळू बोलत होती, तिकीट देताना बोलते तसं, प्रत्येक शब्द सुटा. गाठ कधी लागली. व्हिडिओत काय पाहिलं. दुकानात तो काय म्हणाला, शब्द न् शब्द. दवाखान्यात जाऊ नका म्हणाला ते तिनं दोनदा लिहायला लावलं. रासायनिक नाव एकही नाही.

मग म्हणाली, "अजून एक लिहा. घरात नणंद शिकलेली हाय, तिला सगळं ठाऊक व्हतं. पण तिला सांगायचं भ्या वाटलं. म्हणून मी त्याच्याकडं गेले."

हवालदार म्हणाला, "बाई, ह्याचा गुन्ह्याशी काय संबंध?"

"संबंध हाय. खरं लिहायचं म्हणल्यावर समदं लिहा."

आतून पेनाचा आवाज आला. मला वाटलं उठून आत जावं आणि सांगावं की हे चूक आहे, मी घाबरवलं नव्हतं, मी तर समजावत होते. उठलेसुद्धा. दारात नवनाथ उभा होता. मी परत बसले.

तिनं वाचून घेतलं, सही केली. बाहेर आली तेव्हा घामानं खाकी पाठीला चिकटली होती, आणि ती दमली होती, पण चेहरा मोकळा होता. मी रागातच होते. रस्त्यात विचारलं, "ते लिहायची गरज होती?"

"तुमाला लागलं का?"

"हो. लागलं."

"लागू द्या," ती म्हणाली. रागानं नाही. "मला बी लागलं व्हतं."

परतीच्या गाडीत नवनाथ पुढं बसला, आम्ही दोघी मागच्या सीटवर. मग मी विचारलं, "सुकन्या, आणखी काय काय सांगितलं नाहीस मला?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, आताही ही हो-नाहीवरच थांबेल. मग तिनं सुरुवात केली. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. युसूफ वडगाव येईपर्यंत ती बोलत होती. मी ऐकलं. मध्ये दोनदा बोलले, आणि दोन्ही वेळा तिनं हात वर करून मला थांबवलं.